अडतिसावा प्रश्न

आमच्या बालवाडीतली पोरं बुधवारी आणि शनिवारी आजारी पडायची. सोमवारी नाही, गुरुवारी नाही, फक्त बुधवारी आणि शनिवारी.

आजाराला वार कुठला कळतोय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं होतं. पण भाद्रपदात लागोपाठ तीन आठवडे हेच झालं. सकाळी एकाचं पोट दुखायला लागायचं आणि दुपारपर्यंत चार-पाच जणांना जुलाब व्हायचे. दोन दिवस मीठ-साखरेचं पाणी पिऊन सगळी उठून बसायची, तोवर पुढचा वार उजाडायचा. तिसऱ्या शनिवारी माझा भाऊ रेवण आडवा झाला. रेवण चार वर्षांचा आहे. एरवी तो जेवतानासुद्धा ताटाभोवती दोन फेऱ्या मारतो. त्या दिवशी मात्र चटईवर गपचूप पडून राहिला आणि "केतकीताई, पाणी" एवढंच म्हणाला. मला फार भीती वाटली. रागही आला, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना.

मी केतकी, सहावीत आहे. आमचं आंबेदरा गाव डोंगराच्या पोटाशी आहे. गावात औषधं ड्रोननं येतात, बस ड्रायव्हरशिवाय येते, पण बालवाडीतला स्वयंपाक अजून माणूस करतं. ते माणूस म्हणजे माझी आजी, सुवर्णा. तिच्या लहानपणी म्हणे एकेका वर्गात तीन-तीन सुवर्णा असायच्या. आता गावात ती एकटीच उरली आहे. सव्वीस वर्षं ती बालवाडीत रांधते. आज तिथं जेवणाऱ्या निम्म्या पोरांच्या आईबापांनी लहानपणी तिच्याच हातचं खाल्लंय, आणि अजूनही रस्त्यात भेटले की ती त्यांना "जेवलास का रं?" असं विचारते. मिशीवाल्या माणसांनासुद्धा.

तर अशा आजीला तालुक्याहून पत्र आलं. आजाराचं कारण आठ दिवसांत सापडलं नाही तर बालवाडीचं स्वयंपाकघर कायमचं बंद होईल आणि मुलांचं जेवण बंद डब्यांतून ड्रोननं येईल, असं त्यात होतं. तपासणीसाठी एक यंत्रमानव पाठवत आहोत, असंही होतं.

आजीनं पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून डब्याखाली ठेवलं. मग ती ओट्याशी उभी राहून आपले हात उलटेपालटे करून बघायला लागली.

"माझ्या हातालाच काय तरी झालं आसंल," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आजी मीठ वजनकाट्यावर मोजून घालायला लागली. सव्वीस वर्षं चिमटीनं मीठ घालणारी बाई. मला ते बघवेना.

यंत्रमानव रविवारी सकाळच्या बसनं आला. उंचीला माझ्या गुडघ्याएवढा, खाली तीन चाकं, डोक्यावर झाकणासारखी टोपी आणि पाठीवर ठळक नऊचा आकडा. "मी अन्नतपासनीस क्रमांक नऊ," तो म्हणाला. आजीनं त्याच्याकडं आपादमस्तक पाहिलं आणि त्याचं नाव नवनाथ ठेवून टाकलं. त्यानंही हरकत घेतली नाही. "नोंद केली आहे," एवढंच म्हणाला. नंतर मला कळलं की तो सगळ्यालाच असं म्हणतो.

नवनाथकडं सदतीस प्रश्नांची यादी होती. पाणी कुठून येतं, हात कशानं धुता, भांडी कुठं वाळवता, तांदूळ कशात साठवता. आजी एकेक उत्तर देत होती आणि प्रत्येक बरोबर उत्तराला त्याच्या टोपीवर हिरवा दिवा लागत होता.

"प्रश्न बाविसावा. शिजवलेलं अन्न मुलांना वाढेपर्यंत उघडं ठेवता का?"

"आजाबात न्हाई," आजी म्हणाली. "पातेल्यावर झाकण, झाकणावर वजन. इचार कुणालाबी."

हिरवा दिवा लागला. हे उत्तर खरं होतं, मी स्वतः साक्षीदार आहे. झाकण उघडं ठेवलं म्हणून माझ्या पाठीत धपाटा बसलेला आहे.

सदतिसाच्या सदतीस प्रश्नांना हिरवा दिवा लागला. आजीला बरं वाटायला हवं होतं, पण ती आणखीच खचली. सगळं बरोबर असताना पोरं आजारी पडतात म्हणजे दोष हातातच, असं तिच्या मनानं घेतलं. त्या दुपारी ती जेवली नाही.

मी नवनाथला बाहेर अंगणात नेलं आणि सरळ विचारलं, "बुधवार आणि शनिवारच का?"

"आजार दिसतो त्या दिवशी सुरू झालेला नसतो," तो म्हणाला. "पोट बिघडवतात ते जिवाणू (एकाच पेशीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सजीव). ते पोटात गेले की आधी आपली संख्या वाढवतात. त्याला बऱ्याचदा काही तास, कधी एखादा दिवस लागतो. मग पोट दुखतं."

"म्हणजे बुधवारी आजारी पडणाऱ्यानं मंगळवारी काहीतरी खाल्लं असणार. आणि शनिवारवाल्यानं शुक्रवारी."

"तर्क योग्य आहे. नोंद केली आहे."

मंगळवार आणि शुक्रवार म्हणताच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतर दिवशी आजी खिचडी करते. मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या उंबराईचा वार असतो, म्हणून त्या दिवशी दूधभात असतो. उंबराई म्हणजे स्वयंपाकघरामागच्या उंबराखालची देवी, शेंदूर लावलेला एक गोल दगड. तेव्हा चोर म्हणजे दूध. मी नवनाथला ओढतच दूधडेअरीत नेलं. त्यानं दूध तपासलं, कॅन तपासला, दूध तापवायचं पातेलंही तपासलं. सगळं स्वच्छ निघालं. माझा लख्ख प्रकाश तिथंच विझला.

सोमवारी दुपारी आम्ही तिघं अंगणात बसलो होतो, मी, नवनाथ आणि नुकताच उठून बसलेला रेवण. एक माशी येऊन नवनाथच्या टोपीवर बसली आणि पुढचे दोन पाय एकमेकांवर चोळायला लागली.

"ताई, बघ, माशी नमस्कार करतीय," रेवण म्हणाला.

"ती नमस्कार करत नाही," नवनाथ म्हणाला. "ती पाय पुसत आहे. पाहायचं आहे?" त्याच्या पोटातून एक किरण निघाला आणि समोरच्या भिंतीवर माशीचं चित्र उमटलं, म्हशीएवढं मोठं. रेवण माझ्या मागं लपला आणि मग हळूच डोकावला.

इतक्या जवळून माशी मी कधी पाहिली नव्हती. तिचे सहाही पाय केसांनी भरलेले होते, नारळाच्या शेंडीसारखे. प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या आणि नख्यांखाली दोन मऊ गाद्या होत्या.

"त्या गाद्या ओलसर आणि चिकट असतात," नवनाथ सांगायला लागला. "म्हणून माशी भिंतीवर आणि छतावरही चालू शकते. आणि माशीला चव कळते ती पायांनी. पाय मळलेले असले की चव कळत नाही. म्हणून ती सारखी पाय पुसते."

"पायांनी चव?" रेवणनं आपल्या पायाकडं पाहिलं. पुढं तो काय करून बघणार हे ओळखून मी त्याचा पाय धरून ठेवला.

"आता विचार कर," नवनाथ मला म्हणाला. "माशी शेणावर उतरली. शेणात कोट्यवधी जिवाणू असतात. केसांमध्ये आणि चिकट गाद्यांवर त्यांतले काय होतील?"

"चिकटतील."

"तिथून ती उडून भातावर बसली."

"भाताला लागतील," मी म्हणाले, आणि माझं तोंड वाकडं झालं.

"हा पहिला रस्ता. दुसरा रस्ता तोंडातून आहे. माशीला दात नाहीत. तिचं तोंड स्पंजासारखं असतं, फक्त पातळ पदार्थ शोषणारं. मग भाताचं शीत ती कसं खाणार? आधी खाल्लेलं पातळ अन्न तिच्या अन्नपिशवीत (पोटाच्या आधी असलेली साठवणीची पिशवी) असतं. त्यातला एक थेंब ती लाळेसकट शितावर ओकते. शीत विरघळलं की शोषून घेते."

"आणि त्या थेंबात आधीच्या जेवणातले जिवाणू असतात," मी म्हणाले.

"हो. शिवाय खाता खाता ती दर थोड्या वेळानं तिथंच शी करते. हा तिसरा रस्ता."

रेवणला हे इतकं आवडलं की तो पाच मिनिटं हसत होता. आजारी पडल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता.

"माशी वाईट असते का रे?" मी विचारलं.

नवनाथ म्हणाला, "यादीत वाईट असा रकाना नाही. माशीला जंतू पसरवायचे नसतात. तिच्या अळ्या शेणात आणि सडक्या पाल्यात वाढतात, ते खाऊन संपवतात, हे जगाच्या कामाचं आहे. जिवाणूही सगळे वाईट नसतात. तुमच्या दह्यात तेच असतात. अडचण एवढीच की माशीच्या लेखी शेण आणि भात ही दोन्ही जेवणंच आहेत, आणि ती एकाच पायांनी दोन्हीकडं जाते."

मला माश्या एकदम खूप दिसायला लागल्या. खरंच, या वर्षी त्या जास्त होत्या. उन्हाळ्यात गावाच्या शेणवायूच्या (गोबरगॅसच्या) टाकीचा शेणखड्डा उंबराईच्या मागं हलवला होता. मागच्या महिन्यात वरचं ताडपत्रीचं झाकण वाऱ्यानं फाटलं आणि ते शिवायला कुणाला सवड झाली नाही. खड्डा स्वयंपाकघरापासून वीस-पंचवीस पावलांवर होता.

"मग माश्याच," मी म्हणाले. "खड्ड्यातून उठतात आणि पातेल्यात..." आणि माझी मीच थांबले. पातेल्यावर झाकण असतं. झाकणावर वजन असतं.

"बाविसाव्या प्रश्नाला हिरवा दिवा आहे," नवनाथ म्हणाला. "माशीला शिरायला वाट नाही."

पण मला माशीची वाट शोधायचीच होती. नवनाथकडं एक पांढरी भुकटी होती. मुलांनी हात नीट धुतले की नाही हे दाखवायला ती वापरतात. ती निरुपद्रवी असते आणि जराशी लागली तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, पण तिच्यावर जांभळा दिवा धरला की चमकते. मंगळवारी सकाळी आंघोळ करून मी नाक दाबून खड्ड्याशी गेले आणि काठावरच्या शेणावर ती भुकटी भरपूर शिंपडली. माश्या तिच्यावरून चालतील, भुकटी पायाला लागेल आणि त्या जिथं जातील तिथं पावलं उमटतील, असा माझा बेत होता.

दहा वाजता दूधभात झाला. अकरा वाजता नवनाथनं नियमाप्रमाणं पातेल्यातला नमुना घेतला आणि हिरवा दिवा लागला. पातेलं झाकलेलंच होतं. मी जांभळा दिवा घेऊन खिडक्या, दारं, ताटं, गाळणी सगळं धुंडाळलं. खिडकीच्या चौकटीवर दोन-चार ठिपके चमकले, बाकी कुठंच काही नाही. साडेबारा व्हायला आले. पोरं ओळीनं पाट घेऊन बसली. मी हरल्यासारखी दिवा रेवणच्या हातात दिला आणि ताटं मांडायला गेले.

रेवणला दिवा मिळाला म्हणजे काय विचारता. त्यानं आपल्या पोटावर लावून पाहिला, शेजारच्याच्या नाकावर लावून पाहिला. मग तो आजीकडं गेला. आजी पातेल्यात पळी घालून दूधभात ढवळत होती.

"ताई," तो म्हणाला, "आजीच्या पळीला चांदण्या लागल्यात."

मी धावत गेले. स्वयंपाकघर अंधारं आहे, त्यामुळं स्पष्ट दिसलं. पळीवर ठिपके चमकत होते. पातेल्यातल्या दूधभातावरही होते. आणि ओट्यावर एक छोटं पितळी ताट रिकामं पडलं होतं, ते तर काठापासून काठापर्यंत ठिपक्यांनी भरलं होतं.

ते उंबराईच्या नैवेद्याचं ताट होतं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी आजी दहा वाजता गरम दूधभाताचा पहिला वाटा त्या ताटात काढते आणि उंबराखाली देवीपुढं ठेवते. देवीला घाई करू नये, सावकाश जेवू द्यावं, म्हणून दोन तास तिथंच ठेवते. मग ताट आत आणते आणि तो भात पातेल्यात मिसळते, म्हणजे प्रत्येक पोराच्या तोंडात प्रसादाचा कण जावा. हे मी जन्मल्यापासून बघत आलेय. इतक्या वेळा पाहिलं होतं की मला ते कधी दिसलंच नव्हतं.

आजीनं पळी भरली आणि पहिल्या पाटाकडं वळली. तिथं माळ्यांची छोटी स्वरा तोंड उघडून बसली होती.

"आजी, वाढू नकोस," मी म्हणाले.

माझा आवाज फार मोठा आला असावा, कारण सगळी पोरं गप्प झाली. आजीनं माझ्याकडं पाहिलं, मग रेवणच्या हातातल्या दिव्याकडं, मग पळीकडं. पळीवर अजून चांदण्या होत्या. मी तिला पितळी ताट दाखवलं. काय झालंय ते नवनाथनं सांगितलं, नेहमीच्या सरळ आवाजात. शेणाचा खड्डा, फाटलेली ताडपत्री, माश्या, देवीपुढचं उघडं ताट. कोमट, ओला, गोड भात म्हणजे जिवाणूंची मेजवानी. अशा जागी एकाचे दोन व्हायला त्यांना वीस मिनिटं पुरतात. दोन तासांत सहा वेळा दुप्पट. एका हजाराचे चौसष्ट हजार. आणि मग ते ताट पातेल्यात.

"आजवर मी नमुना अकरा वाजता घेत होतो," तो म्हणाला. "ताट मिसळलं जातं बारानंतर."

आजी खाली बसली. पळी तिच्या हातातच होती.

"म्हंजे मीच घातलं व्हय पोरांच्या तोंडात," ती म्हणाली. "सव्वीस वर्सं आशीर्वाद म्हणून घालत आले."

"सव्वीस वर्षं नाही गं," मी तिच्याजवळ बसले. "खड्डा या उन्हाळ्यात तिथं आला. त्याआधी इतक्या माश्या नव्हत्याच."

मला रडायला येत होतं. कारण शोधून काढलं की आजी खूश होईल, असं मी इतके दिवस धरून चालले होते. कारण तिच्याच मायेत सापडेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

नवनाथ चाकांवर सरकत तिच्यासमोर आला. "सुवर्णाताई, बाविसावा प्रश्न मी चुकीचा विचारला का?"

आजीनं मान वर केली.

"तू इचारलंस, पोरांचं अन्न उघडं ठिवता का. त्ये पोरांचं न्हवतं रं. त्ये देवीचं हुतं. मला खोटं बोलायचं न्हवतं."

"तुम्ही खोटं बोलला नाहीत. उत्तर खरं होतं. माझी यादी अपुरी होती. नोंद केली आहे."

आणि तेवढ्यात माळ्यांची स्वरा म्हणाली, "आजी, भूक."

त्या एका शब्दानं जे झालं ते आमच्या कुणाच्या समजावण्यानं झालं नसतं. आजी उठली, पदर खोचला, हात कोपरापर्यंत साबणानं घासले, कढई चढवली आणि रवा भाजायला घेतला. वीस मिनिटांत वाफाळता सांजा तयार झाला. मीठ तिनं चिमटीनं घातलं. काट्याकडं तिचं लक्षही गेलं नाही, आणि मी आठवण केली नाही.

प्रसाद टाकायचा नसतो, म्हणून तो पातेलंभर दूधभात आजीनं उंबराच्या बुंध्याशी खोल खड्डा करून पुरला. माती तिनं स्वतः लोटली. मग पितळी ताट उकळत्या पाण्यात घातलं. त्या संध्याकाळी ताडपत्रीही शिवली गेली. ती शिवायला कोण कोण आलं होतं म्हणता? आजीनं भरवलेले सगळे मिशीवाले.

बुधवार आला. सकाळपासून आजी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येक पोराचं तोंड निरखत होती. एकही आजारी नव्हतं.

तरी आजीच्या मनात एक शंका होती. भुकटी चमकली हे तिनं पाहिलं होतं, पण भुकटी म्हणजे जिवाणू नव्हेत. "त्ये दिसत न्हाईत तर हाईत कशावरनं?" तिनं विचारलं. प्रश्न चांगलाच होता. नवनाथनं एका पारदर्शक, झाकणाच्या थाळीत वाढजेली (जिवाणूंना खायला घालून त्यांची संख्या वाढवणारी जेली) ओतली. एक माशी पकडून तिला त्या जेलीवर चार पावलं चालू दिलं आणि सोडून दिलं. जेलीवर काहीच दिसत नव्हतं. थाळी घट्ट झाकून, पट्टी लावून त्यानं आपल्या पोटातल्या उबदार कप्प्यात ठेवली.

गुरुवारी त्यानं ती बंद थाळीच आजीच्या हातात दिली. जेलीवर पांढरे-पिवळे ठिपके उगवले होते, आणि ते जिथंतिथं नव्हते. माशी जशी चालली तशी त्यांची ओळ वळत गेली होती.

"प्रत्येक ठिपका म्हणजे जिवाणूंची वसाहत (एकापासून वाढलेल्या लाखोंचा पुंजका)," नवनाथ म्हणाला. "एक पाऊल, एक ठिपका."

आजीनं थाळी उजेडाकडं धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. "ही तर ठिपक्यांची रांगोळी झाली," ती हळूच म्हणाली. मग तिनं थाळी परत केली आणि पुन्हा एकदा हात धुतले.

शुक्रवारी उंबराईचा वार होता. नैवेद्य बंद करावा असं मला वाटत होतं, पण आजीला सांगायचं धाडस नव्हतं. पण तिनं स्वतःच वेगळी वाट काढली होती. दूधभात चुलीवरून उतरताच तिनं पितळी ताट भरलं, त्यावर बारीक जाळीचं झाकण ठेवलं आणि देवीपुढं नेलं. मी मागोमाग गेले.

"आई, आजपास्नं झाकून दावणार," ती दगडाला म्हणाली. "आन् पाचच मिंटं. तुला बी पोरंच हाईत न्हवं? त्यांचं प्वाट बिघडवून तू जेवायची न्हाईस, मला ठावं हाय."

पाच मिनिटं ती तिथंच उभी राहिली, जाळीवर आलेल्या माश्या पदरानं वारत. मग वाफ निघत असलेला नैवेद्य तिनं पातेल्यात मिसळला आणि झाकणावर वजन ठेवलं. साडेबारा वाजता नवनाथनं पातेल्यातला नमुना घेतला. हिरवा दिवा लागला. शनिवारी सगळी पोरं ठणठणीत होती. रेवण ताटाभोवती तीन फेऱ्या मारून जेवला.

रविवारी नवनाथ निघाला. बस यायला वेळ होता. स्वयंपाकघर चालू ठेवावं, असा त्याचा अहवाल आदल्या दिवशीच गेला होता. आजीनं त्याची टोपी ओल्या फडक्यानं पुसली.

"तुझ्या यादीत किती प्रश्न हाईत?" तिनं विचारलं.

"सदतीस."

"आजून एक घाल."

"बोला, सुवर्णाताई."

"देवापुढं काय ठिवता, किती येळ, आन् झाकता का. पर नीट इचार. दरडावून न्हाई. माणसं त्ये अन्नात धरत न्हाईत, म्हणून सांगत न्हाईत."

टोपीवर दिवा लुकलुकला. "अडतिसावा प्रश्न. नोंद केली आहे. प्रश्न सुचवणाऱ्याचं नाव?"

आजी लाजली आणि भांडी घासायला लागली. मग मीच सांगितलं, "सुवर्णा, स्वयंपाकीण, आंबेदरा."

आता नवनाथसारखे सगळे तपासनीस गावोगाव अडतीस प्रश्न विचारतात. त्याच्याकडून अधूनमधून निरोप येतो. एका गावात नैवेद्य तुळशीपाशी उघडा असतो, कुठं देवाचा वाटा पारावर ठेवून मग घरात वाटतात. आजवर कुठल्याच यादीत हे नव्हतं. मोठी झाल्यावर मी अशाच राहून गेलेल्या गोष्टी शोधणार आहे. अजून पुष्कळ असतील.

परवा दुपारी आजीला फोन आला. पलीकडं डोंगराच्या त्या बाजूच्या गावातली बालवाडीची स्वयंपाकीण होती. तिला आम्ही ओळखत नव्हतो. नवनाथनं तिला आजीचा नंबर दिला होता. ती आधी नुसती रडत होती. मग म्हणाली की पोरं आजारी पडतायत, सगळं स्वच्छ आहे, तरी पडतायत, आता स्वतःच्या हातचं खायचीच भीती वाटते.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं ओल्या हातात फोन नीट धरला.

"तुझ्या हाताला काय बी झालं न्हाई, बाई," ती म्हणाली. "आधी जेवून घे. मग सांग मला, तुमच्याकडं देवाचं ताट कुठं ठिवतात?"